धक्का लागतो म्हणून अनिश्चितता? लेकीच्या एका प्रश्नावरून

माटोळी | शुक्र, २९ ऑगस्ट, २१:४२

मंडळी, चवथीच्या गडबडीत धागा काढतेय, विस्कळीत वाटला तर सांभाळून घ्या. आमचा देव पाच दिवसांचा. दुपारी पाहुणे, संध्याकाळी आरत्या, आणि डिचोलीत पावसाने दोन दिवस उसंत दिलेली नाही. लेक बारावीला आहे. काल नेवऱ्या (करंज्या) भरता भरता तिने हायझेनबर्गचं अनिश्चितता तत्त्व काढलं, म्हणजे कणाची जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी हवे तितके नेमके मिळत नाहीत ते.

मी वीसेक वर्षांपूर्वी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं. आम्हाला शिकवलं तेच तिला सांगितलं. इलेक्ट्रॉन बघायचा तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो, प्रकाशाचा कण आदळला की इलेक्ट्रॉनला धक्का बसतो, म्हणून जागा कळली की वेग बिघडतो. वर माझी भर म्हणून रस्त्यावरच्या गाडीचा फोटो. शटर झटकन उघडून मिटलं तर गाडी स्पष्ट दिसते पण वेग कळत नाही. जास्त वेळ उघडं ठेवलं तर पट्टा उमटतो, त्यावरून वेग कळतो, पण गाडी नेमकी कुठे ते नाही.

तिने ऐकून घेतलं, नेवरीची कड मुडपली आणि म्हणाली, "म्हणजे इलेक्ट्रॉनकडे जागा आणि वेग दोन्ही आहेत, आपलेच हात जड. मग धक्का न लावता मोजायची युक्ती उद्या कुणी काढली तर अनिश्चितता संपली?"

मी म्हटलं, आधी नेवऱ्या संपव. पण प्रश्न डोक्यातून जात नाही. इथे जाणकार आहेत, उलगडून सांगाल का? समीकरणं कमी, कृपया.

---

बेतूलचा बाबू | शुक्र, २९ ऑगस्ट, २२:०५

प्रश्न एक नंबर. मलाही हेच शिकवलं होतं आणि मला ते पटलेलं आहे. वाचतोय.

---

घुमट-शामेळ | शुक्र, २९ ऑगस्ट, २३:३१

आरत्या आटपून आत्ता बसलो, हात अजून दुखतायत.

ताई, लेकीला शाबासकी द्या. तिच्या प्रश्नाचं उत्तर "नाही संपणार" असं आहे, कारण धक्का हे मूळ कारणच नाही. गाडीचा फोटो तर सोडूनच द्या. पट्ट्याची दोन टोकं बघितली की शटर उघडताना गाडी कुठे होती आणि मिटताना कुठे, दोन्ही समजतं. गाडीकडे जागाही आहे आणि वेगही आहे, अडचण कॅमेऱ्याची.

त्यापेक्षा तुमच्या घरात आत्ता जे वाजतंय तेच घ्या. घुमटावर (आरतीतलं आपलं मातीचं, कातडं लावलेलं वाद्य) एक कोरडी थाप मारा आणि तोंडावरचा डावा हात लगेच दाबून आवाज तोडा. थाप कधी पडली? अगदी नेमकं सांगता येईल. आता सांगा, थाप कुठल्या सुरात होती? काळी एक की पांढरी दोन? सांगता येत नाही, आणि कान कच्चा म्हणून नव्हे. तेवढ्या वेळात हवेचे पाच-सहा हेलकावे झाले आणि आवाज संपला. "सेकंदाला किती हेलकावे" हा आकडा पक्का व्हायला त्या आवाजात जागाच नाही. (आमच्या लहानपणी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. ते बंद झालं हे योग्यच झालं. बकऱ्याच्या कातड्याचा आवाज वेगळा लागतो, पण वरचा मुद्दा दोन्हीला लागू.)

आता दुसरं टोक, तानपुरा. जोडाच्या दोन तारा जवळजवळ मिळाल्या की डोल ऐकू येतो, वांऽव, वांऽव. दोन तारांत सेकंदाला अर्ध्याच हेलकाव्याचा फरक उरला असेल तर एक डोल पुरा व्हायला दोन सेकंद लागतात. तेवढं न थांबता तार छेडून लगेच हात ठेवलात तर दोन्ही तारा सारख्याच वाटणार. बुवा तानपुरा लावताना डोळे मिटून इतका वेळ का घेतात, ते यासाठी. सूर जितका नेमका हवा तितका आवाज वेळेत लांबायला हवा. केरीच्या केसरबाईंचा षड्ज आठवा. तो सूर कळतो, कारण तो टिकतो. तो "कधी" झाला हे विचारण्यात अर्थ नाही.

म्हणजे आवाजाचा वेळेतला फैलाव आणि सुरातला फैलाव, दोन्ही एकाच वेळी हवे तितके लहान करता येत नाहीत. दोघांचा गुणाकार एका ठरावीक आकड्याखाली जात नाही. इथे कुणी कुणाला धक्का दिला नाही, मायक्रोफोनने बिघडवलं नाही. आवाज नावाची गोष्टच तशी आहे.

---

बेतूलचा बाबू | शनि, ३० ऑगस्ट, ०७:५०

घुमटबाब, आवाजाचं पटलं. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. सोनारचा पल्स आखूड ठेवला तर माशांचा थवा किती खोल ते बारीक कळतं, पण थवा कुठल्या वेगाने सरकतोय ते धूसर. पल्स लांबवला की उलटं.

पण ही तर लाटांची गोष्ट झाली. हे गणित हायझेनबर्गच्या शंभर वर्षं आधीच्या फूरिये नावाच्या गणितज्ञाला माहीत होतं. यात क्वांटम, म्हणजे अणूंच्या जगाचे वेगळे नियम, कुठे आलं? इलेक्ट्रॉन म्हणजे काय घुमट आहे?

---

घुमट-शामेळ | शनि, ३० ऑगस्ट, ०९:१५

हाच तो खरा सांधा. क्वांटम एकाच वाक्यात येतं. १९२४ मध्ये लुई द ब्रॉयने मांडलं की प्रत्येक कणाला लाट जोडलेली असते, आणि कणाचा मोमेंटम (वस्तुमान गुणिले वेग, शाळेत आपण संवेग म्हणायचो) म्हणजे प्लांकचा स्थिरांक (निसर्गातला एक ठरलेला, अगदी छोटा आकडा) भागिले त्या लाटेची लांबी. १९२७ मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडले आणि लाटांसारखा नमुना मिळालाही.

एवढं एक वाक्य मान्य केलंत की पुढचं सगळं तानपुऱ्याचं गणित. मोमेंटम हा इलेक्ट्रॉनचा सूर आणि जागा म्हणजे थापेची वेळ. मोमेंटम अगदी नेमका हवा तर लाट एकाच लांबीची हवी, आणि तशी लाट काणकोणपासून पेडण्यापर्यंत, गोव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्याच्याही पुढे पसरलेली असते. मग इलेक्ट्रॉन "कुठे"? तीच लाट एका जागी गोळा करायची तर वेगवेगळ्या लांबीच्या पुष्कळ लाटा मिसळाव्या लागतात. मग मोमेंटम "किती"?

ताई, लेकीला सांगा की इलेक्ट्रॉनकडे दोन्ही आकडे आहेत आणि आपल्याला एकच दिसतो, असं नाहीये. नेमकी जागा आणि नेमका मोमेंटम दोन्ही एकाच वेळी असलेली लाट काढून दाखवा म्हटलं तर कागदावरही काढता येत नाही.

---

सत्यान्वेषी | शनि, ३० ऑगस्ट, ११:२८

पाश्चात्त्यांना हे १९२७ मध्ये कळलं. आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वीच सांगितलंय की द्रष्टा आणि दृश्य वेगळे नाहीत. बघणाऱ्याच्या चैतन्याने वास्तव घडतं, हेच क्वांटम सांगतं. तुम्ही मंडळी घुमटात अडकलात.

---

घुमट-शामेळ | शनि, ३० ऑगस्ट, ११:४०

आलेच. (पॉपकॉर्न नाही, नेवऱ्या घेऊन बसतो.)

---

जुना मास्तर | शनि, ३० ऑगस्ट, १६:१०

निवृत्तीनंतर अशा धाग्यांपासून लांब राहायचं ठरवलं होतं. पण प्रकाशाच्या धक्क्याचं उदाहरण, म्हणजे हायझेनबर्गचा मायक्रोस्कोप, निघालं म्हणजे राहवत नाही. मीही ते तीस वर्षं शिकवलं, आणि पहिली दहा वर्षं चुकीचं शिकवलं.

१९२३ मध्ये म्युनिकला हायझेनबर्गची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा होती. परीक्षक विल्हेल्म वीन हे प्रयोगवाले. त्यांनी मायक्रोस्कोपची विभेदनक्षमता (किती बारीक तपशील वेगळे दिसतात ते) कशावर ठरते ते विचारलं. पोराला सांगता आलं नाही. कसाबसा पास झाला. चार वर्षांनी, १९२७ च्या सुरुवातीला, तो कोपनहेगनला भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्याकडे होता. बोर नॉर्वेला स्कीइंगला गेले आणि मागे याने अनिश्चिततेचा निबंध लिहून टाकला. त्यात उदाहरण कशाचं, तर गॅमा किरणांच्या मायक्रोस्कोपचं! बोरनी परत येऊन बघितलं तर त्याच जुन्या जागी चूक. नुसता धक्का बसला म्हणून काही बिघडत नाही, धक्क्याचा हिशोब करून तो वजा करता आला असता. अडचण अशी की भिंगाला रुंदी असते. प्रकाशकण त्या रुंदीत नेमक्या कुठल्या दिशेने आत आला ते कळत नाही, म्हणून धक्का किती ते कळत नाही. भिंग लहान केलं तर दिशा कळते, पण मग प्रतिमाच धूसर होते. दोघांची चांगली खडाजंगी झाली आणि शेवटी हायझेनबर्गने छापायच्या वेळी निबंधाला टीप जोडून बोरचं म्हणणं मान्य केलं. गंमत अशी की ती टीप फारशी कुणी वाचली नाही आणि धक्क्याची गोष्ट पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

आज आपण जे सूत्र लिहितो, म्हणजे जागेतला फैलाव गुणिले मोमेंटममधला फैलाव हा प्लांकचा स्थिरांक भागिले फोर पाय यापेक्षा कमी नाही, ते काटेकोरपणे सिद्ध केलं केनार्डने, त्याच १९२७ मध्ये. १९२९ मध्ये रॉबर्टसनने ते कुठल्याही दोन राशींसाठी मांडलं. त्या सिद्धतेत मायक्रोस्कोप नाही, प्रकाश नाही, मोजणारा नाही, धक्का नाही.

माटोळीताई, मुलीला हा प्रयोग सांगा. दहा हजार इलेक्ट्रॉन अगदी एकसारखे तयार केले. पाच हजारांची फक्त जागा मोजली. उरलेल्या पाच हजारांना त्याआधी कुणी हात लावलेला नाही, त्यांचा फक्त मोमेंटम मोजला. एकाही इलेक्ट्रॉनवर दोन मोजमापं झालेली नाहीत. तरी दोन्हीकडच्या आकड्यांचे फैलाव गुणले तर उत्तर त्या मर्यादेखाली येत नाही. आता मला सांगा, धक्का कुणी कुणाला दिला?

मोजताना गडबड होते हे खोटं नाही, पण तो वेगळा प्रश्न आहे. जपानच्या ओझावांनी २००३ मध्ये दाखवलं की मोजमापाची चूक आणि त्यातून होणारा बिघाड यांचा हायझेनबर्गने अंदाजाने मांडलेला साधा गुणाकार नेहमी टिकत नाही, आणि २०१२ मध्ये व्हिएन्नात न्यूट्रॉनवर तसं दिसलंही. त्यावर दुसऱ्या गटाने "चूक" आणि "बिघाड" यांच्या वेगळ्या व्याख्या घेऊन जुनी मर्यादा पुन्हा उभी केली. तो वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञांनी घालावा. केनार्डच्या सूत्राला त्यात कुणी हात लावलेला नाही.

सत्यान्वेषी, उपनिषदं मीही रोज पहाटे वाचतो. त्यांत मला पुष्कळ मिळतं, प्लांकचा स्थिरांक मिळत नाही. आणि "बघणारा" म्हणजे चैतन्य नव्हे. खोलीला कुलूप लावून मंडळी जेवायला गेली तरी डिटेक्टर नोंद करतोच.

जाता जाता शब्दाविषयी. जर्मनमध्ये याला उन्बेश्टिम्टहाइट म्हणतात, म्हणजे "ठरलेलं नसणं". आपण अनिश्चितता म्हणतो तेव्हा "मला खात्री नाही" असा वास येतो, जणू दोष माझ्या माहितीत. अनिर्धारितता म्हटलं तर जास्त जवळ जातं, पण जीभ अडखळते. रुळलेला शब्द आता कोण बदलणार!

---

सत्यान्वेषी | शनि, ३० ऑगस्ट, १६:५२

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून थांबतो. सहमत नाही.

---

बेतूलचा बाबू | शनि, ३० ऑगस्ट, १८:२०

पाच-पाच हजारवाला प्रयोग डोक्यात घुसला. धक्क्यावरचा माझा विश्वास तिथे ढिला झाला, कबूल.

पण मग हे आपल्याला कुठे दिसत का नाही? होडीला जागाही आहे आणि वेगही आहे, दोन्ही मी रोज बघतो.

---

घुमट-शामेळ | शनि, ३० ऑगस्ट, २०:४४

आकडेमोड करून बघू. फुटबॉल घ्या, ४३० ग्रॅमचा. त्याची जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत पक्की केली. सूत्राप्रमाणे वेगातली किमान अनिश्चितता येते सेकंदाला १.२ गुणिले १० चा उणे २८ वा घात मीटर. हा वेग घेऊन चेंडू विश्वाच्या आजवरच्या वयाएवढा काळ, म्हणजे १३८० कोटी वर्षं, सरकत राहिला तर किती हलेल? मी दोनदा गणित केलं. एका हायड्रोजन अणूच्या त्रिज्येएवढा. फातोर्ड्याच्या स्टेडियममधल्या रेफरीला तेवढं चालून जावं.

आता तेच सूत्र इलेक्ट्रॉनला. त्याला अणूएवढ्या जागेत कोंडला, मीटरचा एक हजार कोटीवा भाग, तर वेगातली अनिश्चितता सेकंदाला जवळजवळ ५८० किलोमीटर. पणजीहून निघून पुढच्या सेकंदाला मुंबईत. फरक सगळा वस्तुमानाचा.

आणि दिसत नाही कसं? आपण ज्या खुर्चीवर बसलोय ती याच्याच जिवावर उभी आहे. इलेक्ट्रॉन ऋण, केंद्रक धन, मग इलेक्ट्रॉन केंद्रकात जाऊन का पडत नाही? कारण त्याला जसजसं लहान जागेत दाबाल तसतसा मोमेंटममधला फैलाव वाढतो आणि गतिज ऊर्जा चढते. अंतर निम्मं केलं तर आकर्षणाने दुप्पट ऊर्जा मिळते, पण कोंडण्याची किंमत चौपट होते. या दोघांचा तोल जिथे साधतो तिथे अणूचा आकार ठरतो, हायड्रोजनची त्रिज्या ०.०५३ नॅनोमीटर. तसंच हेलियमचं. साध्या दाबाला हेलियम कितीही थंड करा, गोठतच नाही. अणू हलके आणि त्यांच्यातली ओढ दुबळी, त्यामुळे जागच्या जागी बसवायला गेलं की ते इतके चुळबुळतात की बैठक जमत नाही. घट्ट करायला पंचवीसेक वातावरणांचा दाब लागतो.

---

माटोळी | रवि, ३१ ऑगस्ट, २३:५८

विसर्जन झालं. घर रिकामं रिकामं वाटतंय. माटोळीची (देवावरच्या चौकटीला बांधलेली) फळं उतरवून झाली, आता बोलते.

लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. फुटबॉलवर ती जाम खूश. पण म्हणाली, "हे सगळं तुमच्या मंडळींच्या तोंडून कळतंय, मला दिसत कुठे आहे?" मग तिनेच नेटवर शोधून प्रयोग काढला आणि सव्वादहाला नेमकी वीज गेली. एरवी चरफडले असते, आज काळोख कामी आला.

साहित्य: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेला लाल लेझर (डोळ्यात मारायचा नाही हे दहा वेळा बजावून), नवऱ्याची दोन दाढीची पाती, पुठ्ठा, चिकटपट्टी. पुठ्ठ्याला खिडकी पाडून दोन्ही पाती धारेला धार अशी समोरासमोर ठेवली आणि मध्ये वहीचा कागद उभा धरला. पाती चिकटवली आणि कागद ओढून काढला. उरली कागदाच्या जाडीची फट, म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर. लेझर पुस्तकांच्या थप्पीवर, भिंत तीन मीटरवर.

मला वाटलं होतं फटीतून गेलेला ठिपका बारीक होईल. भिंतीवर पडला तो आडवा पट्टा, मध्ये ठळक आणि दोन्ही बाजूंना फिकट तुकडे. ठळक भाग फूटपट्टीने मोजला, ३८ मिलिमीटर. मग दोन कागद धरून फट दुप्पट केली. पट्टा झाला २० मिलिमीटर. म्हणजे जागा जास्त दिली की पसारा कमी! तिसऱ्यांदा तिने एक बाजू सोडवून पातं नखाने जरा जरा आत सरकवलं, फट मिटत गेली तसा पट्टा अंधुक होत होत पसरत गेला, पार देवाच्या मखरापर्यंत. आम्ही दोघी गप्प. असं काही आपल्या हॉलमध्ये होईल असं वाटलं नव्हतं.

---

जुना मास्तर | सोम, १ सप्टेंबर, ०६:३५

ताई, सकाळ सार्थकी लागली. आता याच मोजमापातून मुलीकडून एवढं करून घ्या.

लाल प्रकाशाची लांबी साधारण ६५० नॅनोमीटर धरा. ०.१ मिलिमीटरची फट आणि तीन मीटर अंतर असेल तर गणिताने पट्टा ३९ मिलिमीटर यायला हवा, तुमचा ३८ आला. दाढीच्या पात्यांना याहून जास्त काय मागायचं!

आता फट म्हणजे कणाच्या जागेची अनिश्चितता. फटीतून आला एवढं माहीत, फटीत नेमका कुठून ते नाही. पट्टा पसरला म्हणजे आडवा मोमेंटम अनिश्चित झाला. पट्टा मधून कडेपर्यंत जो कोन करतो तो येतो लाटेची लांबी भागिले फट. त्याला मोमेंटमने गुणा, की आडव्या मोमेंटमचा फैलाव मिळाला. त्याला फटीने गुणा. फट वर-खाली कटली. मोमेंटम म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले लांबी, म्हणून लांबीही कटली. शेवटी हातात राहतो नुसता प्लांकचा स्थिरांक. लाल घ्या, हिरवा घ्या, एक कागद घ्या, दोन घ्या, गुणाकार तोच.

हे मुलीने स्वतः वहीत करावं. तुम्ही सांगू नका.

---

घुमट-शामेळ | सोम, १ सप्टेंबर, ०८:०२

मास्तर, किस काढतो, रागावू नका. तीक्ष्ण कडांच्या फटीसाठी प्रमाण विचलन (केनार्डच्या सूत्रातलं फैलावाचं माप) काढायला गेलं तर ते अनंत येतं, कारण बाजूचे फिकट तुकडे हळूहळू संपतात. म्हणून तुम्ही पहिल्या काळ्या रेघेपर्यंतची रुंदी घेतलीत. केनार्डच्या सूत्रातला फैलाव आणि हा फैलाव तंतोतंत एक नव्हे.

---

जुना मास्तर | सोम, १ सप्टेंबर, ०८:२०

बरोबर आहे. बारावीच्या मुलीसमोर मुद्दामच झाकलं होतं, तुम्ही उघडं पाडलंत.

---

माटोळी | सोम, १ सप्टेंबर, २१:१४

वहीत केलं. फट कटली, लांबी कटली, आणि बाईसाहेब खुर्चीवरून उठल्या!

पण लगेच पुढचा प्रश्न. पट्टा पुष्कळ प्रकाशकणांचा मिळून होतो. एकच कण सोडला तर? तो भिंतीवर पसरून पडेल की एका जागी? आणि एका जागी पडत असेल तर कुठे पडायचं हे कोण ठरवतं?

---

घुमट-शामेळ | सोम, १ सप्टेंबर, २२:३०

एका जागी, एकच ठिपका. १९०९ मध्ये केंब्रिजला टेलरने इतका मंद प्रकाश घेतला की फोटोची काच जवळजवळ २००० तास उघडी ठेवावी लागली, तरी सुईच्या सावलीभोवतीचे पट्टे तसेच उमटले. १९८९ मध्ये जपानमध्ये तोनोमुरांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. पडद्यावर आधी विखुरलेले ठिपके, काही अर्थ लागू नये असे, आणि हजारो जमल्यावर त्यांतून पट्टे वर आले. एक ठिपका कुठे पडेल ते सांगता येत नाही, कुठे पडायची शक्यता किती ते सांगता येतं. लाटेचा हा अर्थ बॉर्नने १९२६ मध्येच लावला होता.

---

बेतूलचा बाबू | मंगळ, २ सप्टेंबर, ०७:१५

इथे मात्र मी अडून बसणार. "सांगता येत नाही" हे तर मांडवीतल्या कॅसिनोच्या रूलेबद्दलही म्हणता येतं. पण तिथे गोळी किती वेगाने सोडली, चाक किती फिरतंय, सगळं कळलं तर आकडा आधीच सांगता येईल. शक्यता ही आपल्या अज्ञानाची भाषा. इलेक्ट्रॉनच्या आतही असंच काही यंत्र असेल, आपल्याला अजून सापडलं नसेल. आइन्स्टाइनही हेच म्हणत होता ना, देव फासे खेळत नाही म्हणून?

---

जुना मास्तर | मंगळ, २ सप्टेंबर, १७:४५

बाबू, तुम्ही आइन्स्टाइनच्या पंगतीत आहात, लाजायचं कारण नाही. १९३५ मध्ये त्याने पोडोल्स्की आणि रोझेन यांच्याबरोबर हाच मुद्दा फार धारदारपणे मांडला. पुढे तीस वर्षं लोकांना वाटत होतं की हा चवीचा प्रश्न आहे, तपासता येणार नाही. १९६४ मध्ये जॉन बेलने तो तपासता येईल असा केला. युक्ती इतकी सोपी की राग येतो.

दोन जुळ्या बहिणी घ्या. एकीला पेडण्यात बसवा, दुसरीला काणकोणात, फोन काढून घ्या. प्रश्न तीनच. कुणाला कुठला विचारायचा ते ऐनवेळी चिठ्ठी उचलून ठरवायचं. उत्तर "हो" किंवा "नाही". अशा हजारो फेऱ्या. समजा असं दिसलं की दोघींना एकच प्रश्न आला तर उत्तर दर वेळी सारखंच येतं. तुम्ही काय म्हणाल? निघतानाच ठरवून गेल्या. पहिल्याला हो, दुसऱ्याला हो, तिसऱ्याला नाही, असं काहीतरी. हेच तुमचं आतलं यंत्र.

पण आता बघा. प्रश्न तीन आणि उत्तराचे शब्द दोनच. म्हणजे ठरवलेल्या तीन उत्तरांतली किमान दोन सारखी असणारच. म्हणून दोघींना वेगवेगळे प्रश्न आले त्या फेऱ्यांतही उत्तरं निदान एक तृतीयांश वेळा जुळलीच पाहिजेत. कसंही ठरवून जा, त्याखाली जाता येत नाही. कागदावर करून बघा, आठच प्रकार आहेत.

प्रकाशकणांच्या गुंतलेल्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेली उत्तरं देणाऱ्या, जोड्या तयार करता येतात. बहिणींऐवजी ते कण, तीन प्रश्नांऐवजी ध्रुवण (प्रकाशाची लाट कुठल्या दिशेने हलते ते) तपासायच्या ६०-६० अंशांवरच्या तीन दिशा. एकच दिशा विचारली तर उत्तरं जुळतात. वेगळ्या दिशा विचारल्या तर क्वांटमच्या गणिताप्रमाणे जुळतात एक चतुर्थांश वेळा. एक तृतीयांशाहून कमी!

प्रत्यक्ष प्रयोग याच कल्पनेच्या जरा वेगळ्या मांडणीवर झाले. त्यात उत्तरं किती जुळतात यावरून एक आकडा काढतात, ठरवून जाणाऱ्यांना २ च्या वर जाता येत नाही आणि क्वांटमला २.८३ पर्यंत मुभा आहे. क्लॉसर आणि फ्रीडमन १९७२, आस्पे १९८२. मग लोक म्हणाले अमुक पळवाट आहे, तमुक फट आहे. २०१५ मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावर ठेवलेल्या इलेक्ट्रॉनांवर मुख्य पळवाटा एकदम बुजवून मोजलं, तिथे आकडा आला २.४२. २०२२ चं नोबेल आस्पे, क्लॉसर आणि त्साइलिंगर यांना याच कामासाठी मिळालं.

तर रूलेची गोळी आणि इलेक्ट्रॉन यांत हा फरक आहे. गोळीचं उत्तर ठरलेलं आहे, आपल्याला माहीत नाही. इथे आधीच ठरलेलं उत्तर गृहीत धरलं तर आकडेच जुळत नाहीत.

---

बेतूलचा बाबू | मंगळ, २ सप्टेंबर, १९:०३

आठही प्रकार लिहून बघितले. डिझेल भरायला रांगेत होतो, बिलाच्या पाठीवर. एक तृतीयांशाखाली खरंच जात नाही. बायको विचारत होती काय एवढं लिहितोयस.

पण एक पळवाट उरते. बहिणींनी ठरवलेलं नाही, पण पेडण्यात काय विचारलं ते त्याच क्षणी काणकोणात कळत असेल तर?

---

जुना मास्तर | मंगळ, २ सप्टेंबर, १९:४०

अगदी नेमकं पकडलंत. तीच वाट धरून डेव्हिड बोमने १९५२ मध्ये सिद्धांत मांडला. त्यात इलेक्ट्रॉनला प्रत्येक क्षणी नेमकी जागा आहे आणि फासे कुठेच नाहीत. क्वांटमची सगळी उत्तरं बरोबर येतात. किंमत एवढीच की इथे केलेल्या गोष्टीचा परिणाम तिथे तत्काळ पोचला पाहिजे, मध्ये कितीही अंतर असो. आणि बोमच्या जगातही तुम्हाला ती जागा अनिश्चिततेच्या मर्यादेपलीकडे जाऊन कधीच कळत नाही. फासे हवेत की हे तत्काळ पोचणं हवं, हे प्रयोगाने आजवर ठरलेलं नाही. मी स्वतः फाशांच्या बाजूचा, पण ती माझी आवड झाली.

मुलीच्या प्रश्नाचं तेवढ्यापुरतं उत्तर: फैलाव किती असणार हे लाट ठरवते, त्यात वाद नाही. त्या फैलावात ठिपका कुठे, हे बहुसंख्य लोकांच्या मते कुणीच ठरवत नाही.

---

माटोळी | मंगळ, २ सप्टेंबर, २२:२६

वाचून दाखवलं. "कुणीच ठरवत नाही" वर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, तू मला धक्क्याचं सांगितलंस तेव्हा मला ते लगेच समजलं होतं. हे समजत नाहीये, पण पटतंय."

उद्यापासून शाळा. पुठ्ठा आणि पाती तिने कंपासपेटीच्या डब्यात घालून ठेवलीत, वर्गात दाखवायला न्यायची म्हणते. पाती शाळेत न्यायला देणार नाहीत हे तिला कसं सांगू? आणि भिंतीवर ३८, २० अशा पेन्सिलच्या खुणा तशाच आहेत. सासूबाई विचारतायत पुसायच्या का. तूर्त नको म्हटलंय.

---

घुमट-शामेळ | बुध, ३ सप्टेंबर, ००:१२

पात्यांऐवजी डोक्याचा एक केस द्या. लेझरच्या वाटेत ताणून धरला की भिंतीवर तसाच पट्टा पडतो, आणि पट्ट्यावरून केसाची जाडी काढता येते. शाळा केसाला हरकत घेणार नाही.